अर्धीच वाजवलेली मैना

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची गोष्ट. लोकनृत्यात आमच्या विंगचा नंबर आला. पहिला नाही, दुसरा. पण होस्टेलवर त्या रात्री पहिला आल्यासारखाच दंगा झाला. गाणं होतं अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’. ते निवडताना आम्ही फार डोकं चालवलं नव्हतं. ढोलकी कडक होती, ठेका असा की बसलेला माणूस उठावा आणि उठलेला नाचावा, बास! एका मित्राने लॅपटॉपवर गाणं कापून साडेतीन मिनिटांत बसवलं. मैनेचं रूप, तिचा शृंगार, तिचं चालणं एवढं ठेवलं आणि मग एकदम ढोलकीचा तोडा लावून एंड केलं. पुढचं सगळं उडवलं. ते लांबलचक होतं आणि काहीतरी राजकीय होतं, असं आमचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जॉब फाइल करत होतो. आमच्या वर्कशॉपचे मामा (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) जवळ आले. नाच बरा झाला म्हणाले. मग फाइल हातात घेऊन माझा जॉब सरळ करून देता देता हळूच म्हणाले की पोरांनो, तुम्ही अर्धंच गाणं वाजवलंत. ज्यासाठी ते लिहिलं होतं ते कापून टाकलंत आणि बाईचं रूप तेवढं ठेवलंत. एवढं बोलून ते दुसऱ्या व्हाइसकडे गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी स्वतः वाळवा तालुक्यातला, आष्ट्याजवळच्या एका गावचा. अण्णाभाऊंचं वाटेगावही वाळवा तालुक्यातलंच. म्हणजे बाकी विंगपेक्षा मला जास्त माहीत असायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर दहावीपर्यंत मला अण्णाभाऊ म्हणजे १ ऑगस्टला गावाच्या एका टोकाला लागणारा स्पीकर आणि पिवळे झेंडे एवढंच माहीत होतं. आमच्या आळीत त्या दिवशी कुणी तिकडे फिरकत नसे. ती ‘त्यांची’ जयंती, असं घरातलं बोलणं. शाळेत १ ऑगस्टला मी टिळकांवर भाषण करायचो, शेंगा आणि टरफलांसकट! टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत, आणि नेमक्या त्याच दिवशी, त्याच साली वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णाभाऊ जन्मले. इतकी साधी गोष्ट मला मामांच्या बोलण्यानंतर लायब्ररीत बसून कळली. सेमिस्टरच्या सुट्टीत एसटीने आष्ट्यावरून पेठ नाका, नेर्ले, कासेगाव करत वाटेगावलाही जाऊन आलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाची आणि थोडी आमच्या कापाकापीची भरपाई समजा.

अण्णाभाऊंचं पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता; वाटेगाव साताऱ्यात होतं. मातंग समाजावर त्या काळात इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला होता. म्हणजे बघा, माणसाने काही केलेलं असो वा नसो, तो त्या घरात जन्मला म्हणून चावडीवर त्याची हजेरी. गावात चोरी झाली की पहिली उचलबांगडी त्याची. आपल्याकडे रेक्टरने एका विंगमध्ये दारूची बाटली सापडली म्हणून सगळ्या विंगला नोटीस लावली तर आपण महिनाभर धुसफुसतो. इथे जन्मभराची नोटीस होती.

त्यांच्या जन्माच्या वेळची एक आठवण सांगितली जाते. त्यांच्या नात्यातला फकिरा हा इंग्रजांविरुद्ध उठलेला माणूस. खजिना लुटून जाताना तो वाटेगावात आला, आणि घरात बाळ जन्मलंय असं कळताच ओंजळीने सुरती रुपये देऊन गेला म्हणे. खरं-खोटं कुणी तपासावं? पण ज्या घरात अशी गोष्ट पाळण्यावर सांगतात त्या घरचं पोर पुढे ‘फकिरा’ नावाची कादंबरी लिहितं, यात मला तरी नवल वाटत नाही.

शाळा जेमतेम दीड दिवसाची, असं त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगतात. मास्तरांनी मारलं आणि पोराने पाठ फिरवली. त्यानंतरचा अभ्यास जत्रेत, तमाशाच्या तंबूत आणि ओढ्याकाठी. वडील मुंबईत साहेबांच्या बागेत माळीकाम करायचे. गावात पोट भरेना, तेव्हा १९३१ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला निघालं. पायी! आपण सांगलीहून रात्रीच्या गाडीत झोपतो आणि सकाळी दादरला डोळे उघडतो. ते तीनशे किलोमीटरच्या वरचं अंतर ही माणसं वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल ते खात चालत गेली. तेव्हा अण्णा अकरा वर्षांचे होते.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड. हमाली, कपड्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन फेरीवाल्यामागे हिंडणं, गिरणीत काम, पडेल ते केलं. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. अक्षराला अक्षर लावत माणूस वाचायला शिकला. (आमच्याकडे पहिल्या वर्षाला सी लँग्वेज समजत नाही म्हणून क्लास लावतात, आणि तो लावूनही समजत नाही. असो.)

मधे काही वर्षांनी ते परत गावी आले आणि इथे खरी गंमत आहे. नात्यातले बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णा त्यात शिरले. ढोलकी, तुणतुणं, पेटी, जे हाताला लागेल ते वाजवायला शिकले. सोंगाड्याचं काम केलं. हा भाग चरित्रांत दोन ओळींत संपतो, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढे त्यांनी जे काही केलं त्याचं मशीन इथे बनलं.

ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो. आधी ढोलकीची सलामी झडते. मग गण, म्हणजे गणपतीची आळवणी. मग गवळण, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी भांडते, लोक हसून लोळतात. मग बतावणी, लावण्या, आणि रात्र चढली की वग, म्हणजे नाटकच, पण संवाद बरेचसे जागेवर सुचलेले. सोंगाड्या राजालाही टोमणे मारतो आणि पाटलालाही. पाटील समोरच बसलेला असतो आणि त्यालाही हसावं लागतं. गावगाड्यात एरवी ज्याने मान खाली घालायची तो माणूस इथे एका रात्रीपुरता पाटलाची फिरकी घेतो. अण्णांनी हे आतून पाहिलं.

याच वाळवा तालुक्यातले आणखी एक गृहस्थ म्हणजे पठ्ठे बापूराव. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णा कुलकर्णी. ब्राह्मणाघरचं पोर तमाशात गेलं, पवळाबरोबर फड गाजवला, ढिगाने लावण्या लिहिल्या आणि १९४५ साली पुण्यात गेलं. बापूरावांनी मुंबईवर लावणी लिहिली होती. शहराची ऐट आणि थाट पाहून हरखलेल्या माणसाची ती लावणी. पुढे अण्णाभाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. तोच बाज, तीच मुंबई. पण नजर फुटपाथवरून. एकीकडे मलबार हिल, दुसरीकडे घाणीतल्या झोपड्या आणि रात्री उघड्यावर झोपणारी माणसं. एकाच तालुक्यातल्या दोन शाहिरांनी एकाच शहराचे काढलेले हे दोन फोटो. मला विचाराल तर दोन्ही ऐकावेत, शेजारी शेजारी.

१९४२ ची चळवळ आली. सातारा-सांगलीचा हा पट्टा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा. अण्णा त्या धामधुमीत होतेच. पकडवॉरंट निघालं आणि ते पुन्हा मुंबईला पळाले. या वेळी माटुंग्याच्या लेबर कॅम्पशी संबंध आला. नावच लेबर कॅम्प. कामगार, दलित, कम्युनिस्ट, सगळ्यांची दाट वस्ती. इथे कॉम्रेड आर. बी. मोऱ्यांसारखी माणसं भेटली. आणि इथे त्यांनी जी पहिली गाणी रचली त्यातलं एक कशावर असावं? डासांवर! क्रांती नाही, मार्क्स नाही, डास. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री झोपू न देणारे डास. होस्टेलच्या ग्राउंड फ्लोअरवर राहणाऱ्यांना हे गाणं का गाजलं असेल ते सांगायची गरज नाही. पण त्यातली युक्ती बघा. आधी लोकांना हसू येतं, मग लक्षात येतं की डास आपल्याकडेच का, मलबार हिलवर का नाहीत.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, म्हणून मला हे माझ्या भाषेत असं समजतं. आवाजाचा सिग्नल तसाच हवेत सोडला तर लांब जात नाही. तो कॅरियर वेव्हवर चढवावा लागतो. अण्णाभाऊंचा कॅरियर म्हणजे ढोलकीचा ठेका. त्यावर त्यांनी भूक, संप, दंगल, निवडणूक, सीमाप्रश्न, काय काय चढवलं! आणि आम्ही काय केलं, तर कॅरियर ठेवला आणि सिग्नल कापला.

१९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडची लढाई संपली. हिटलरची फौज तिथे मोडली. अण्णांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. वाटेगावच्या माणसाने, रशिया न पाहता, मुंबईच्या झोपडीत बसून! तानाजीने कोंढाणा घ्यावा तसं ते गावोगावच्या मराठी लोकांना ऐकवलं. पोवाडा हा प्रकार शिवकाळापासून लढाईसाठीच असल्याने लोकांना तो परका वाटला नाही. पुढे बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ आली.

१९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. तीन शाहीर. एक वाटेगावचे अण्णाभाऊ. दुसरे अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. गाडीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत काम केलेले, आणि आवाज असा की माईक नसला तरी मैदान भरावं. तिसरे द. ना. गवाणकर. मांगवाड्यातला एक, मुसलमान एक, आणि गवाणकर. आज आपल्याकडे ऑर्केस्ट्रात तीन पोरं एकत्र यायची तर आधी ब्रँच बघतात, मग गाव बघतात आणि मग बाकीचं, जे लिहायचं नसतं पण बघितलं जातं, तेही बघतात.

या कलापथकाने तमाशाचं जे केलं ते मला शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी साचा मोडला नाही. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सोंगाड्या तोच. फक्त गणात गणपतीऐवजी आधी मायभूमीला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना वंदन आलं. गवळण काढून टाकली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी, दलाल आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. नावं वाचूनच कळतं की टोपी कुणाची उडणार आहे. गिरणगावातल्या मैदानांवर, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, शेतकऱ्यांच्या परिषदांत हे वग झाले. ज्यांना पत्रक वाचता येत नव्हतं त्यांना सगळं समजत होतं. ज्यांना वाचता येत होतं पण पत्रकाचा कंटाळा होता त्यांनाही समजत होतं. (मी दुसऱ्या गटातला.)

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला टोचते ती लिहितो. ते पक्षाचे शाहीर होते. स्टालिनच्या राज्यात काय काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे, आणि त्या पोवाड्याचं गाणं आज तसंच्या तसं गाता येणार नाही. पण डास, भूक, गाव सोडून गेलेला नवरा, हे जिथे त्यांनी स्वतःच्या अंगावरून लिहिलं तिथे एक शब्द शिळा झालेला नाही. माझं मत आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

स्वातंत्र्य आलं, पण सरकारला ही ढोलकी गोड वाटेना. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री. लाल बावटा कलापथकावर बंदी आली. पक्षाची माणसं तुरुंगात किंवा भूमिगत. तमाशावरच सरकारची वक्रदृष्टी होती, तेव्हा अण्णाभाऊंच्या हातून तो ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे चालला. १९४९ साली ‘इप्टा’ या देशभरच्या नाट्यसंघटनेच्या अलाहाबादच्या अधिवेशनात त्यांना अखिल भारतीय अध्यक्ष निवडलं. इंग्रजी बोलणाऱ्या, परदेशात शिकून आलेल्या कलावंतांची संघटना ती, आणि अध्यक्ष दीड दिवस शाळेत गेलेला माणूस.

आता मैनेकडे येतो, कारण लेखाचं कारणच ती.

ती छक्कड आहे. छक्कड म्हणजे लावणीच्या कुळातला, चटपटीत चालीचा प्रकार. गाणारा कोण, तर गाव सोडून मुंबईला पोट भरायला आलेला गडी. त्याची बायको, त्याची मैना, गावाकडे राहिली आहे. तो तिचं रूप आठवतो. अंगावरचे दागिने, बोलणं, चालणं. निघताना ती कशी कष्टी झाली, त्याने तिची कशी समजूत घातली. आम्ही नाचलो ते इथपर्यंत. लावणीतला नेहमीचा विरह, असं समजून.

पण पुढे गडी मुंबईत पोचतो. ज्या मुंबईत सोन्याची खाण असेल म्हणून आला तिथे त्याला खिसेकापू, काळाबाजारवाले, भांडवलदार आणि रिकाम्या हाताने हिंडणारी त्याच्यासारखीच माणसं दिसतात. आणि मग गाणं आणखी एक वळण घेतं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटतो. आता मैना एकट्या बायकोपुरती राहत नाही. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव असा जो मुलूख दुसऱ्यांच्या ताब्यात राहिला, तीही त्याची गावावर राहिलेली मैना होते. नवरा इकडे आणि बायको तिकडे, तसाच महाराष्ट्र इकडे आणि त्याची माणसं तिकडे. सुरुवातीला जिचं रूप ऐकून टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी शेवटी माणूस मूठ आवळतो. ठेका तोच! ढोलकीने कुठेही वेग सोडलेला नसतो. हे रूपकबिपक आहे असं म्हणून टिपण काढायच्या आधीच अंगात शिरलेलं असतं.

काळ आठवा. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. शेवटी १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, सीमाभाग मात्र बाहेरच राहिला. या सगळ्या वर्षांत अमर शेखांनी ही छक्कड सभांतून गायली आणि मैदानंच्या मैदानं हलवली. ‘माझी मुंबई’ हा अण्णाभाऊंचा वगही याच लढ्याचा. प्रश्न सरळ होता, मुंबई कोणाची? ज्याने तिजोरी भरली त्याची, की ज्याने राबून ती उभी केली त्याची?

आपण सांगली-मिरजेची माणसं, आपल्याला सीमा लांब नाही. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, पाट्या कानडीत. आमच्याच विंगमध्ये एक जण निपाणीचा आहे. नाचात तो पहिल्या रांगेत होता. गाण्यातला कापलेला भाग मी त्याला नंतर लावून दाखवला. तो पूर्ण ऐकून घेतला आणि बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला. त्याची आजी हे गाणं म्हणायची, असं त्याने सांगितलं. आणि तो आमच्याबरोबर महिनाभर त्यावर कमरेत हात घालून प्रॅक्टिस करत होता! महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, हे मला जी.के. म्हणून पाठ होतं. त्याचा माझ्या शेजारच्या कॉटशी संबंध आहे हे ध्यानातच आलं नव्हतं.

अण्णाभाऊंच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती लायब्ररीत आहेत आणि माझ्यापेक्षा तीच चांगलं सांगतील. कादंबऱ्याच ३५ च्या आसपास, कथासंग्रह वेगळे. ‘फकिरा’ १९५९ ची. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे आणि तिला १९६१ साली राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. दुष्काळात गाव उपाशी मरताना खजिना आणि धान्य लुटणारा, आणि शेवटी आपल्या माणसांचा छळ होतोय म्हणून स्वतःहून हजर होणारा नायक. वारणेचं खोरं त्यात असं येतं की आमच्या भागातल्या माणसाला वास येतो. परीक्षेच्या आधी सुरू करू नका, एवढाच सल्ला. ‘वैजयंता’ तमाशातल्या बाईवर आहे, तिच्यावर १९६१ साली सिनेमा निघाला. ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ यांच्यावरही सिनेमे आले.

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. शेषनागाच्या मस्तकावर पृथ्वी असते ही जुनी समजूत घेऊन त्यांनी तिथे ती उलटी केली. पृथ्वीचा भार दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर आहे, असा त्याचा आशय होता. वर्कशॉपमध्ये मामांचे हात पाहिलेत का कुणी जवळून? एका बोटाचं टोक नाहीये. मला ते तीन वर्षांत पहिल्यांदा या वाचनानंतर दिसलं.

१९६१ साली ते रशियाला गेले. ज्या देशावर न पाहता पोवाडा केला तो देश अठरा वर्षांनी पाहिला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिलं. पण तिकडून परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीतच. पुस्तकं खपत होती, सिनेमे लागत होते, गाणी लोकांच्या तोंडी होती आणि लिहिणारा माणूस पत्र्याखाली. पैसा कुठे गेला याच्या बऱ्याच गोष्टी लोक सांगतात. मी त्यात शिरत नाही. शेवटची वर्षं गरिबीत आणि आजारपणात गेली एवढं नक्की. १८ जुलै १९६९ ला मुंबईत ते गेले. एकोणपन्नास पुरी व्हायला चौदा दिवस कमी होते. आणि त्यांच्या मागोमाग, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत लिहिणाराही गेला आणि गाणाराही.

नंतर सगळं झालं, जसं आपल्याकडे होतं. २००२ साली १ ऑगस्टला त्यांचं टपाल तिकीट निघालं, चार रुपयांचं. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. वाटेगावात स्मारक आहे. मी गेलो तेव्हा दुपार होती, फारसं कुणी नव्हतं. एक म्हातारबाबा बाकावर बसले होते. कुठला म्हणून विचारलं, मी गाव सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि इतक्या जवळून यायला इतकी वर्षं का लागली, असं हसत विचारलं. मी गाडी मिळत नाही, परीक्षा असतात, असलं काहीतरी बोललो. त्यांनी पाणी दिलं. ते प्यायलो.

परत येताना संध्याकाळ झाली. कुपवाड एमआयडीसीत दुसरी पाळी लागली होती. आपल्या होस्टेलच्या मागच्या रस्त्याला, टपरीजवळ, बिहार आणि युपीची पोरं रोजच्यासारखी मोबाइल कानाला लावून उभी होती. ती रोजच असतात, मेसमधून येताना आपण त्यांच्या मधून वाट काढतो. त्यातला एक जण व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी काहीतरी समजावत होता. निघताना दिलेलं वचन आणि कधी येणार त्याची तारीख, बहुधा. पलीकडची बाई बोलत नव्हती. त्याच्या भाषेतली मला अर्धीच कळत होती, आणि छक्कडीतली जागा मात्र नेमकी आठवत होती.

या वर्षीच्या गॅदरिंगला आम्ही मैना पुन्हा टाकलीय, नाच म्हणून नव्हे, गाणं म्हणून, पुरी. कल्चरल सेक्रेटरीचं म्हणणं, सहा मिनिटांच्या वर स्लॉट नाही. आम्ही अर्ज दिलाय, सरांची सही बाकी आहे. रेकॉर्ड लावायची नाही असं ठरलंय. निपाणीवाला गाणार आहे. तुणतुणं मिळालं, ढोलकी कुपवाडातूनच आणली, पण ती धरणारा कुणी नव्हता. शेवटी मामांना विचारलं. त्यांनी आधी नाही म्हणून सांगितलं. मग परवा पाच वाजता वर्कशॉपला कुलूप लावल्यावर स्वतःच होस्टेलवर आले, कॉटवर बसले, ढोलकी मांडीवर घेतली आणि शाई कमी पडलीय म्हणाले.